म्हातारी फॉरवर्ड धरत नाही

मामाजींच्या गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा आहे. त्यात नट आहेत, बोल्ट आहेत, कुठल्याशा मोपेडची स्प्रिंग आहे, भाताच्या गिरणीचं झिजलेलं बेअरिंग आहे. साफसफाई काढली की मी तो डबा भंगारात टाकायला निघते आणि मामाजी तो माझ्या हातातून काढून घेतात. "राहू दे पोरी, लागन कधी."

किस्सेही असेच साठतात. कुठलाच कामाचा वाटत नाही आणि एकही फेकवत नाही. माझ्याकडे जमलेले तर जवळजवळ सगळे एकाच मोटरचे आहेत. म्हणून म्हटलं, एकदा डबा उपडा करावा.

आधी मी इथे कशी, ते सांगते. मी मूल गावची. चंद्रपूरला मेकॅनिकल शिकले आणि नोकरीसाठी वर्कशॉपच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर. "मुलींसाठी ऑफिसात बघू." घरात सगळे ऑफिसच्या बाजूने. तेवढ्यात भामरागडहून मामाजींचा फोन आला. "ऑफिसात बसाचं असन तं बस. पाने धराचे असन तं इथी ये." दुसऱ्या दिवशीच्या एसटीत मी होते. त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर त्यांचे आभार मानीन. ते लक्षात ठेवून पुढचं वाचावं, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

*

मे महिन्यात लालसूभाऊ आले. लालसूभाऊ म्हणजे नदीपलीकडच्या गावाचे नावाडी. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. आजारी माणसाला उतरवावं तसं त्यांनी ते बाकड्यावर उतरवलं.

"जोहार."

"जयभीम, लालसू. काय झालं म्हातारीले?"

म्हातारी म्हणजे त्यांच्या लोखंडी बोटीची मोटर. बोटीच्या मागे अडकवायची, वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, अशी. एका लाकूड ठेकेदाराने धंदा गुंडाळला तेव्हा गावाने मिळून विकत घेतली होती. कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलंय. वय कुणालाच माहीत नाही. मामाजींच्या लग्नाची वरात तिने नदीपार नेली होती, एवढीच नोंद आहे.

"फॉरवर्ड धरत नाई," लालसूभाऊ म्हणाले. "दांडा पुढं टाकला का कडकड करते, अन् मधातच अंग सोडून देते. बोट लागते वाहाले."

मग नटांच्या डब्याकडे बघत ते म्हणाले, "राजेचे दिवस पोळ्याच्या मागंपुढं भरते."

राजे त्यांची सून. पोळ्याच्या सुमाराला नदी कशी असते ते इथल्या पोरालाही माहीत आहे. पलीकडच्या गावांना पूल नाही. साध्या पाण्यात लाकडी डोंगा चालतो, पुरात त्यात कुणी पाय ठेवत नाही. आदल्या वर्षी त्याच गावातली एक बाई कळा येत असताना नदी उतरायची वाट बघत बसली होती. ती वाचली. मूल नाही वाचलं.

"होईन ना नीट?" लालसूभाऊंनी विचारलं.

मामाजींनी मोटरीकडे एक नजर टाकली आणि निदान केलं. "कार्बोरेटर."

मामाजींच्या मते जगातला प्रत्येक आजार कार्बोरेटरमधून सुरू होतो. पंप पाणी ओढत नसला तरी तेच, जीप चढावर दमली तरी तेच. एकदा मामीची शिलाई मशीन अडकली तेव्हाही त्यांच्या तोंडून अर्धा शब्द निघाला होता.

"मामाजी, गिअर खाली आहे, कार्बोरेटर वर. पोट दुखून राह्यलं अन् तुम्ही दात उपटता?"

"तू थांब थोडी. अनुभव नावाची गोष्ट असते."

दिवसभर कार्बोरेटर पेट्रोलमध्ये आंघोळ करत होता. संध्याकाळी बोटीला मोटर लावली, दोरी ओढली, पहिल्या ओढीला इंजिन सुरू झालं. लालसूभाऊंनी दांडा पुढे टाकला. कडकड कडकड. बोट चार हात गेली आणि म्हातारीने अंग सोडलं.

मामाजी जराही हलले नाहीत. "पण आवाज कसा गोड झाला पाहय."

*

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने खालून सुरुवात केली. पंखा काढला. पंख्याच्या दांड्यात एक छोटी पितळी पिन असते. दगडावर पंखा आपटला की त्या पिनने मोडायचं असतं. पिन मोडते, आतले गिअर वाचतात.

म्हातारीच्या पोटात पितळी पिन नव्हतीच. ट्रकच्या बोल्टातून घासून घासून बनवलेली पोलादी पिन होती. इतकी सुबक की मला राग यायच्या आधी कौतुक वाटलं.

"भाऊ, हे कोणी टाकली?"

"मीच. पितळीची नेहमी मोडे. हे पाहय, एकदा टाकली तं आजपर्यंत मोडली नाई."

"ते मोडासाठीच असते!"

लालसूभाऊ शांतपणे मामाजींकडे वळले. "हे एवढे पैसे भरून शिकली, अन् कॉलेजात मोडाचं शिकवते काय?"

मी तासभर समजावलं. दगडाचा मार कुणीतरी खायचाच. पिनने नाही खाल्ला तर गिअर खातो. लालसूभाऊ मान डोलावत होते, म्हणजे ऐकत नव्हते. शेवटी पितळेची पिन बसवून मी त्यांना उथळ पाण्यात चकरा मारायला पाठवलं.

काही दिवसांनी ते धावत गॅरेजमध्ये आले. तळहातावर दोन तुकडे. चेहरा असा, की जणू नातू दहावी पास झालाय.

"मोडली पोरी! बराबर मोडली!"

*

पिन नवी झाली तरी कडकड तशीच. मग मी गिअरबॉक्समधलं तेल बघायला खालचा स्क्रू काढला. तेल वाटीत उतरायच्या आधी वास आला. सगळ्या गॅरेजला एकदम भूक लागली.

"भाऊ, यात काय टाकलं?"

"टोळीचं."

मोहाच्या फळातल्या बियांना इकडे टोळी म्हणतात. तिच्या तेलात भाजी होते, वडे होतात, दिवा लागतो. आणि थंडी पडली की ते तेल तुपासारखं थिजतं. हिवाळ्यात लालसूभाऊ म्हातारीला शेकोटीजवळ घेऊन बसतात असं लोक सांगायचे, ते का, हे आता मला कळलं.

"सकाळी तिचं अंग आखडते ना," लालसूभाऊ म्हणाले. "शेकली का मंग गिअर हलते."

"तिचं अंग नाही आखडत. तेल गोठते."

"खायाच्या तेलानं कोणाचं वाईट होते काय, पोरी? बाजारातलं काळं तेल पाहूनच मले कसंतरी होते. तिले काय वाटत असन?"

मी डोक्याला हात लावला. पण ते तेल बोटांवर चोळलं तेव्हा माझा राग उतरला, कारण उन्हात ते चमकत होतं. लोखंडाचा बारीक भुगा. म्हणजे आत कुणाचे तरी दात झिजत होते. आजार सापडला होता.

मी भुगा दाखवायला मामाजींना हाक मारली. ते बाकड्यावर बसून वाटीतलं तेच तेल टाचांच्या भेगांना लावत होते.

"मामाजी, त्यात लोखंड आहे!"

त्यांनी पाय उन्हात धरला. "तरीच म्हटलं, एवढ्या चमकून काऊन राह्यल्या."

*

गिअरबॉक्स उघडला. आत एक दातेरी कडी असते, दोन्ही बाजूंना दात असलेली. दांडा पुढे टाकला की ती सरकून फॉरवर्डच्या गिअरमध्ये अडकते, मागे ओढला की रिव्हर्सच्या. कडीचे फॉरवर्डकडचे दात झिजून गोल झाले होते, चोखलेल्या गोळीसारखे. दगडाचा मार पोलादी पिनने इथवर पोचवला होता, हे खरं. पण इतके गुळगुळीत कसे झाले, ते कळेना. मी लालसूभाऊंना म्हटलं, "गिअर कसा टाकता ते दाखवा."

त्यांनी दाखवलं. झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा तसा तो दांडा हळूहळू, हळूहळू पुढे गेला.

"एवढं हळू?"

"वय पाहय तिचं. झटका कसा द्याचा?"

हाच तो आजार. गिअर हळू टाकला की दात एकमेकांत बसायच्या आधी एकमेकांना घासत राहतात. इंजिन मंद ठेवायचं आणि दांडा एका दणक्यात टाकायचा, खट. मी करून दाखवलं. लालसूभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या हातून नाई होणार हे," ते म्हणाले. "तीस पावसाळे तिनं मले पार नेलं. हात उचलू काय तिच्यावर?"

इतक्या वर्षांची माया आणि त्या मायेनेच दात खाल्ले. मी कडी उलटी करून पाहिली.

गंमत म्हणजे कडीची रिव्हर्सची बाजू नवी कोरी होती. दात धारदार, कारखान्यातून आले तसे.

"भाऊ, तुम्ही रिव्हर्स टाकतच नाही?"

"काऊन टाकू? मागं तं नदी नेतेच."

*

नवी कडी हवी होती. मी मोठ्या शहरातल्या एका दुकानाला फोन लावला, फोटो पाठवला. तिकडून हसण्याचा आवाज आला. "मॅडम, हे पीस म्युझियमला द्या."

मी काही बोलायच्या आत मामाजींनी फोन ओढून घेतला. आवाज एकदम मऊ. "जयभीम साहेब. देतो ना. फक्त म्युझियमवाल्याईले विचारून सांगा, पुरात कळा लागलेली बाई पार करून देते काय?"

तिकडून फोन ठेवला गेला.

मग माजरीचे एक लेथवाले काका मामाजींना आठवले. कोळसा खाणीच्या भागात मशीनचे तुटलेले दात बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी कडीचं माप, ड्रॉइंग, फोटो, सगळं पाठवलं. काका म्हणाले, "करतो. पण घाई नको लावू, पोलादाले पाणी देणं घाईनं होत नाई." मी रोज फोन करायचे. ते रोज तेच म्हणायचे. म्हाताऱ्यांचा वेग सगळीकडे सारखाच.

कडी चांगलीच झाली, पण झाली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. एसटीने आलापल्लीपर्यंत ती पोचली. तिथून पुढचे नाले रस्त्यावर चढले आणि भामरागडची वाट बंद झाली. पोळा अजून दूर होता. कडी आलापल्लीच्या एका चहाच्या टपरीत, आम्ही इथे.

*

तोवर जुनीच कडी घालून म्हातारी जोडून ठेवू, असं ठरलं. बोट निदान साध्या पाण्यात थोडीफार चालली असती.

जोडताना एकच गोष्ट सांभाळायची असते. वरच्या दांड्याची सळई आणि खालच्या गिअरबॉक्सची सळई, दोन्ही एकाच गिअरमध्ये असताना एकमेकींना जोडायच्या. मी मामाजींना बजावलं, "वर न्यूट्रल, खाली न्यूट्रल, मग जोडा. मी जेवून येते."

मी हात धुवून येईपर्यंत मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी होती आणि मामाजींचा चेहरा समाधानी होता. खालची सळई रिव्हर्समध्ये सरकलेली त्यांनी पाहिली नव्हती. तेवढ्यात दवाखान्यातल्या सिस्टर आल्या, पांढऱ्या स्वच्छ युनिफॉर्ममध्ये. राजेचं नाव त्यांच्या काळजीच्या यादीत सगळ्यात वर होतं.

"बोट तयार झाली का, मामाजी?"

"झाली. या, जवळून पाहा. न्यूट्रलमध्ये आहे, बिनधास्त उभ्या राहा."

मामाजींनी दोरी ओढली. पंखा फिरला. अर्धा ड्रम सिस्टरच्या अंगावर गेला, उरलेला मामाजींच्या. मी धावत जाऊन मोटर बंद केली.

सिस्टरने पदर नसलेल्या युनिफॉर्मला पदर शोधला, मग हातानेच तोंड पुसलं. "हे न्यूट्रल असेल," त्या म्हणाल्या, "तर फॉरवर्ड मला ड्यूटी संपल्यावर दाखवा."

मामाजी ओल्या मिशीतून पुटपुटले, "कार्बोरेटर लय साफ झाला."

मी मात्र रिकाम्या ड्रमकडे बघत होते. म्हातारीने रिव्हर्स धरला होता, आणि तिचं अंग एकदाही सुटलं नव्हतं. त्या वेळी मी ते डोक्यात टाकून ठेवलं, डब्यात बोल्ट टाकावा तसं. आणि सळया नीट जोडल्या.

*

शेवटचा किस्सा श्रावणातला.

लालसूभाऊ कडीच्या आशेने डोंग्यातून अलीकडे आले आणि पाणी चढल्यामुळे अलीकडेच अडकले. पलीकडे फोनला रेंज नाही, म्हणून मुलाला खूण सांगून ठेवली होती. कळा सुरू झाल्या की घाटावरच्या झाडाला लाल लुगडं बांधायचं. लालसूभाऊ रोज सकाळी घाटावर जाऊन झाड बघून यायचे.

त्या सकाळी ते परत आले नाहीत. आम्ही गेलो तर ते पाण्यात गुडघाभर उभे होते. पलीकडच्या झाडावर लाल लुगडं फडफडत होतं. राजेचे दिवस अजून भरायचे होते.

म्हातारी आणून बोटीला लावली, बोट सोडली, दांडा पुढे टाकला. कडकड, आणि सुटला. लालसूभाऊंनी दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी सुटला. मध्यावर असं झालं तर बोट थेट खाली, तीन नद्यांच्या संगमात वाहत जाणार होती.

"रिव्हर्समध्ये जाऊ," मी म्हटलं.

दोघांनी एकदम माना वळवल्या.

"फॉरवर्डचे दात गेले. रिव्हर्सचे नवे आहेत. बोट उलटी न्यायची. उलटी आणायची."

"नदीले पाठ दाखवून?" लालसूभाऊ म्हणाले. "माझ्या बापानं डोंगा कधी उलटा नाई नेला."

मी मामाजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता कार्बोरेटर येणार. मामाजींनी चपला काढल्या आणि काठावर नीट जोडीने ठेवल्या.

"लालसू, पोरगी म्हणते तसं कर."

रिव्हर्समध्ये एक अडचण असते. मोटर पाण्यातून वर उचलली जाते. ती खाली धरून ठेवणारी खिट्टी म्हातारीने कधीच गमावली होती. मामाजींनी काही न विचारता मोटरीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि सगळं वजन तिच्यावर टाकलं. दुसरी अडचण, बोटीची मागची बाजू सपाट. ती पुढे करून चाललं की पाणी आत येतं. मी गॅरेजकडे पळाले, हाताला लागला तो पत्र्याचा डबा उचलला, नट-बोल्ट तिथेच जमिनीवर ओतले आणि परत आले.

"टाका भाऊ. एका दणक्यात."

लालसूभाऊंनी दांड्याला हात लावून कपाळाला लावला. डोळे मिटले. खट.

म्हातारीने धरलं.

घाटावर जमलेले लोक बघत होते. बोट पाठीकडून पुढे चालली होती, मामाजी मोटरीच्या गळ्यात पडले होते, लालसूभाऊ मान वळवून समोरचा काठ बघत होते आणि मी डब्याने पाणी बाहेर फेकत होते. कुणीतरी काठावरून ओरडलं, "काय वो, परत येऊन राह्यले का जाऊन राह्यले?" उत्तर द्यायला कुणालाच सवड नव्हती.

पलीकडे राजेला नवऱ्याने उचलून बोटीत ठेवलं आणि तोही चढला. परत येताना पाणी जास्त आलं, कारण वजन वाढलं होतं. मी फेकत राहिले. राजेने एका हाताने बोटीची कड धरली होती, दुसऱ्याने माझा खांदा. मध्यावर तिने दात आवळून एकच विचारलं, "ताई, आपण उलटे काऊन चाललो?"

"सरळच चाललो आहे," मी म्हटलं. "फक्त तोंड तिकडं आहे."

कळ असूनही ती हसली. तेवढ्या हसण्यावर मी उरलेली नदी उपसली.

अलीकडच्या घाटावर सिस्टर स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. बोट पाठीकडून येऊन चिखलाला लागली. मामाजींचे हात मोटरीवरून सोडवायला दोघांना धरावं लागलं. मी त्यांना काहीतरी चांगलं बोलणार होते, अनुभवाबद्दल वगैरे. त्याआधीच ते म्हणाले, "माहा डबा कुठी आहे?"

मग आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिलो. राजेचा नवरा दाराशी उभा. लालसूभाऊ आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होते, ज्या हाताने म्हातारीला दणका दिला तो.

दुपार कलल्यावर सिस्टर बाहेर आल्या. घामाने भिजलेल्या होत्या, पण हसत होत्या.

"मुलगी आहे. दोघी छान आहेत. घाम काढला मात्र पोरीने. पायाळू आली. आधी पाय, मग बाकी सगळं."

मामाजींनी डोळे पुसले. मीही पुसले. लालसूभाऊंनी आधी नदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले,

"मंग ते आतून सारं पाहून राह्यली होती."